बालकाचा अपराध, कायदा आणि शाळेची नोंदवही
(जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांच्या एका शिक्षण परिषदेत एका निवृत्त शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या परिषदेत गणित, वाचन आणि परिसर अभ्यास यांवर बोलणारे अधिकारी वक्ते आहेत. माझ्या वाट्यास आलेला विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात असे आले असेल, की मुलांच्या हातून घडणारे अपराध आणि त्यांसंबंधीचा कायदा यांच्याशी प्राथमिक शिक्षकाचा संबंध तो काय? तपास पोलिसांनी करावा, कायदा वकिलांनी सांगावा, निवाडा न्यायाधीशांनी द्यावा. आपण आपले पाढे आणि बाराखडी सांभाळावी. नोकरीची कितीतरी वर्षे मीही असेच समजत होतो. तो समज खोटा होता हे मला एका विद्यार्थ्याने शिकविले, आणि त्या शिकवणीची किंमत मला नव्हे, त्याला मोजावी लागली. ती हकीगत मी पुढे सांगणार आहे. तत्पूर्वी हा कायदा कोठून आला आणि आज तो काय म्हणतो, हे थोडक्यात पाहू.

लहान मुलाचा अपराध आणि मोठ्या माणसाचा अपराध एकाच मापाने मोजू नये, ही जाणीव मानवजातीला फार पूर्वीपासून आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध मानू नये, असे कलम होते. सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याचे स्वरूप आणि परिणाम समजण्याइतकी परिपक्वता आलेली नसेल, तर त्याचेही कृत्य अपराध ठरत नसे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या विसाव्या आणि एकविसाव्या कलमांत हीच दोन तत्त्वे जशीच्या तशी आली आहेत. बाकी पुष्कळ बदलले, हे बदलले नाही.

परंतु बारा वर्षांपुढच्या मुलांचे काय करावयाचे, हा प्रश्न उरलाच होता. एकोणिसाव्या शतकात त्यांना तुरुंगात मोठ्या कैद्यांच्या शेजारी ठेवीत आणि ती मुले बाहेर येत ती मोठ्यांची विद्या शिकून. हे पाहून सुधारशाळांची कल्पना निघाली. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने चालणारी सुधारशाळा १८५७ सालची आहे. १८७६ आणि १८९७ या सालांत सुधारशाळांचे कायदे झाले. १८९९ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरी मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय उघडले आणि तो विचार जगभर पसरला. आपल्याकडे मद्रास इलाख्याने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये मुलांचा स्वतंत्र कायदा केला. पुढे मुंबई राज्याने १९४८ मध्ये तो नव्याने लिहिला. आपल्याकडील वडीलधारी माणसे ज्याला अजूनही ‘रिमांड होम’ म्हणतात, त्या संस्थेची रुजवात याच कायद्यांनी झाली. साऱ्या देशासाठी एकच कायदा १९८६ मध्ये आला. त्यात मुलग्याला सोळा आणि मुलीला अठरा वर्षांपर्यंत बालक मानले होते. भारताने १९९२ मध्ये बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संहितेस मान्यता दिल्यावर २००० सालच्या कायद्याने मुलगा व मुलगी दोघांनाही अठराची मर्यादा लागू झाली. आज चालू असलेला कायदा २०१५ सालचा असून तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम असे त्याचे नाव आहे.

या कायद्याने सर्वप्रथम शब्द बदलले. ‘बालगुन्हेगार’ हा शब्द त्यास मान्य नाही. कायद्याच्या कक्षेत आलेल्या अशा मुलाला तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. शब्द जड आहे, उच्चारतानाही अडखळावयास होते. पण त्यामागचा विचार साधा आहे. आपण शिक्षक तो सहज समजू शकतो. ज्या मुलाला वर्गात रोज ‘ढ’ म्हणून हाक मारली जाते ते मूल काही दिवसांनी खरोखरीच ढ होते. तोच नियम ‘चोर’ या शब्दालाही लागू आहे.

दुसरी गोष्ट कार्यपद्धतीची. बालकाला पोलिसांनी ताब्यात घेतले तर त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या किंवा विशेष बाल पोलीस पथकाच्या हवाली करावे लागते, आईवडिलांना कळवावे लागते, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते. बेडी घालता येत नाही. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांपैकी एक स्त्री असलीच पाहिजे. अपराध जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामिनावर सोडणे हा नियम आहे आणि न सोडणे हा अपवाद. सोडल्याने ते गुन्हेगारांच्या संगतीत सापडेल, त्याला धोका पोहोचेल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असे वाटले तरच त्याला निरीक्षणगृहात ठेवावयाचे. चौकशीला चार महिन्यांची मुदत आहे. ती फार तर दोन महिने वाढविता येते. त्यातही न संपल्यास क्षुल्लक अपराधाचे प्रकरण तेथेच बंद होते. दोष सिद्ध झाला तरी मंडळापुढे अनेक मार्ग असतात: समज देऊन घरी पाठविणे, समुपदेशन, समाजसेवेचे काम, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवणे, आणि शेवटचा उपाय म्हणून विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे.

येथवर आपण म्हणाल, हे सारे पोलिसांचे आणि मंडळाचे काम झाले. आता शिक्षकाचे काम कोठे येते ते पाहू.

हा सर्व कायदा एका आकड्यावर उभा आहे, आणि तो आकडा म्हणजे वय. घटनेच्या दिवशी अठरा पूर्ण झाली असतील तर तुरुंग, कोठडी, खटला. एक दिवस कमी असेल तर मंडळ, परिवीक्षा, निरीक्षणगृह. मग वय ठरवावयाचे कशावरून? कायद्याचे चौऱ्याण्णवावे कलम याचे उत्तर देते. पहिला पुरावा शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा माध्यमिक शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. बंधुभगिनींनो, क्रम लक्षात घ्या. सरकारी दवाखान्यातील डॉक्टर तिसरा आहे, ग्रामसेवक दुसरा आहे, आणि पहिला आहे शाळेच्या कपाटातील तो जाड पुठ्ठ्याचा जनरल रजिस्टर. ज्या मुलाने दहावीपर्यंत मजल मारलेली नसते त्याच्यासाठी तर तीच नोंद साऱ्या पुराव्याच्या अग्रभागी असते, आणि ती आपल्या हस्ताक्षरात असते.

आता आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या शाळेचा जुना रजिस्टर मनासमोर आणावा. जन्मतारखेच्या रकान्यात ओळीने काय दिसते? १ जून, १ जून, १ जून. अर्धे गाव एकाच दिवशी जन्मले की काय, असे परक्या माणसाला वाटावे! कारण आपण जाणतोच. शाळा जूनमध्ये उघडे, आईबापांना तारीख ठाऊक नसे, आणि गुरुजी मुलाकडे पाहून, त्याचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोहोचतो की नाही हे पाहून, एक साल ठरवून टाकीत. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. मूल शाळेत यावे एवढीच तळमळ होती. परंतु चांगल्या हेतूने लिहिलेला आकडाही पुढे केवढे सामर्थ्य गाजवितो, याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या पुणे शहरातील खटल्यात घडले आहे.

२६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात एका घरातील सात जणांची हत्या झाली. मृतांत पाच स्त्रिया आणि दोन बालके होती. अपराध इतका निर्घृण होता, की तो आठवला तरी आजही अंगावर काटा येतो. त्या प्रकरणी राजस्थानातून पोटासाठी आलेल्या ज्या तरुणांना पकडले, त्यांपैकी एकाला प्रौढ समजून १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झाली. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. त्याचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही. पुढे वर्षानुवर्षे तो फाशीच्या छायेत तुरुंगात राहिला. त्याच्या वयाचा प्रश्न उपस्थित झाला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांमार्फत चौकशी करविली. त्या चौकशीत बिकानेर जिल्ह्यातील एका खेडेगावच्या शाळेच्या नोंदवहीने आपले मुख उघडले. तीत त्याचे नाव थोडे निराळे होते, पण जन्मतारीख स्पष्ट होती: १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे घटनेच्या दिवशी तो अवघा साडेबारा वर्षांचा होता. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला मुक्त करण्याचा आदेश दिला. तोपर्यंत त्याची अठ्ठावीसहून अधिक वर्षे कारागृहात गेली होती. कायद्याप्रमाणे बालकाला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते.

त्या सात जणांच्या आप्तांचे दुःख कोणत्याही निवाड्याने हलके होणारे नव्हे, आणि ते विसरून आपण या गोष्टीकडे पाहू नये. पण शिक्षक म्हणून एवढे मात्र लक्षात घ्यावे: वाळवंटातील एका गावात कोणी एका अनामिक गुरुजीने एका दिवशी बोरूने म्हणा, टाकाने म्हणा, एक ओळ नीट लिहून ठेविली, त्या ओळीने एका माणसाला फासावरून खाली उतरविले. त्या गुरुजीला हे कधी कळलेही नसेल. आणि दुसरी बाजूही पाहा. ती ओळ पाव शतक कोणी उघडून पाहिली नाही, म्हणून एक संपूर्ण तारुण्य भिंतीआड गेले. आरोपी बालक होता, हा मुद्दा खटल्याच्या कोणत्याही अवस्थेत, अगदी अंतिम निकालानंतरही मांडता येतो, असे कायदा सांगतो, म्हणूनच ही सुटका शक्य झाली.

आता माझी स्वतःची हकीगत. १९९८ च्या जून महिन्यात मी जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका वस्तीशाळेसारख्या लहानशा शाळेवर होतो. गाव ऊसतोडणी कामगारांचे. दसरा-दिवाळी उलटली की कोयते बाहेर पडत, मुकादमाच्या ट्रकमधून बिऱ्हाडे प्रवरेच्या काठी, नाहीतर थेट पश्चिम महाराष्ट्रात जात, आणि पाडव्याच्या सुमारास परत येत. पटनोंदणीची मोहीम चालू होती. वरून पट वाढविण्याचा आग्रह होता. एक माउली आपल्या दोन मुलांना घेऊन आली. थोरला वर्गात बसण्याजोगा होता. धाकटा तिच्या लुगड्याला धरून उभा होता, वयाने पुरता पाच वर्षांचाही नसावा. मी म्हणालो, “दोघांचीही नावे घालू. बरोबर येतील-जातील.” तिला तारीख विचारली. ती म्हणाली, “गुर्जी, तुमीच टाका की.” आणि मी टाकली: १ जून १९९२. वय सहा पूर्ण. पट एकाने वाढला, माझे समाधान झाले.

तो मुलगा चौथीपर्यंत शिकला, आणि हंगामाहंगामाने शाळेतून गळत गेला. पुढे २०११ च्या जानेवारीत तो आपल्या दोन मोठ्या नातलगांबरोबर विहिरीवरील विजेची मोटार चोरल्याच्या आरोपात सापडला. मोठ्यांबरोबर त्यालाही तुरुंगात पाठविण्यात आले, कारण शाळेच्या दाखल्याप्रमाणे तो साडेअठरा वर्षांचा होता. दाखला कोणी दिला होता? माझ्या जुन्या शाळेने. कशावरून? माझ्या हस्ताक्षरावरून.

त्याची आई मला शोधीत माझ्या नव्या शाळेवर आली. तिने रागावून काही म्हटले नाही. ती एवढेच म्हणाली, “गुर्जी, किल्लारीचा भूकंप झाला ना, त्याच हंगामात कारखान्याच्या तळावर कोपीत हा झाला. मग ह्यो अठराचा कसा?” भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. त्यानंतरचा हंगाम म्हणजे त्या वर्षाचा हिवाळा. मुलगा घटनेच्या वेळी जेमतेम सतरा वर्षांचा होता. तिला तारीख ठाऊक नव्हती हे खरे, पण साल सांगण्यासारखी खूण तिच्यापाशी होती, आणि ती मी १९९८ मध्ये विचारली नव्हती.

मी न्यायालयात गेलो. न्यायाधीशांनी मला विचारले, “ही तारीख आपण कशाच्या आधारे लिहिली?” तीस मुलांसमोर रोज उभा राहून प्रश्न विचारणारा मी, त्या एका प्रश्नापुढे निरुत्तर झालो. अखेर, नोंदीला आधार नाही, असे मी कबूल केले. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद नव्हतीच, कारण जन्म परगावच्या तळावर झालेला. मग वैद्यकीय तपासणी झाली, संशयाचा फायदा मुलाला मिळाला, आणि त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेले. मंडळाने त्याला परिवीक्षेवर घरी पाठविले. पण मधले अडीच महिने तो मुलगा प्रौढ कैद्यांत राहिला होता. तेथे त्याला काय सोसावे लागले हे त्याने कधी सांगितले नाही, आणि मलाही विचारण्याचे धैर्य झाले नाही. पट एकाने वाढविल्याचे माझे समाधान असे फिटले.

म्हणून माझे आपणांस पहिले सांगणे हे, की जन्मतारखेचा रकाना अंदाजाने भरू नका. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्याने सांगितलेच आहे. प्रवेश द्या, अवश्य द्या. पण तारीख शोधा. अंगणवाडीची नोंद, दवाखान्याचे लसीकरणाचे कार्ड, ग्रामपंचायतीचे जन्मरजिस्टर पाहा. मूल कारखान्याच्या तळावर जन्मले असेल तर तेथील गावाची नोंद मागवा. काहीच नसेल तर आईला भूकंप, दुष्काळ, पूर, निवडणूक, गावची जत्रा अशा खुणांवरून बोलते करा, आणि नोंदीचा आधार काय तो लिहून ठेवा. आज मुलगा लहान आहे, तारखेने काय बिघडते, असे म्हणू नका. सोळा आणि अठरा या दोन उंबरठ्यांवर एकेक महिना मोलाचा होतो.

सोळाव्या वर्षाचा उल्लेख आला म्हणून त्यासंबंधी दोन शब्द. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे अमानुष कृत्य घडले, त्यातील एक आरोपी अठराच्या आतील होता. त्याला तीन वर्षेच विशेष गृहात ठेवता आले, याबद्दल देशभर संताप उसळला. त्याचा परिणाम म्हणून २०१५ च्या कायद्यात नवी तरतूद आली. किमान सात वर्षांची शिक्षा असलेला अतिगंभीर अपराध सोळा ते अठरा वयाच्या मुलाने केल्याचा आरोप असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते. मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता कशी होती, परिणाम समजण्याची शक्ती होती काय, परिस्थिती कोणती होती, हे पाहून त्याचे प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठविता येते आणि तेथे त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. तरीही फाशी, किंवा सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप, त्याला देता येत नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला तुरुंगात न पाठविता सुरक्षित स्थानीच ठेवावे लागते.

यावर आपण पारावर आणि चहाच्या टपरीवर जे ऐकतो ते मला ठाऊक आहे. लोक म्हणतात, कायदा मुलांना फार लाडावतो. मे २०२४ मध्ये पुण्यात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण जीव गेले आणि पहिल्याच दिवशी त्याला जामीन मिळताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा हा राग साऱ्या राज्यात उफाळून आला. तो राग समजण्यासारखा होता. त्या प्रकरणात पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप वडीलधाऱ्या माणसांवर आला. जुलै २०२५ मध्ये त्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची पोलिसांची विनंती मंडळाने नाकारली. त्या निर्णयाबद्दल मतभेद असू शकतात. पण मला त्यातून एक निराळाच विचार सुचतो. संपन्न घरातील मुलाच्या मागे पहिल्या तासापासून वकील उभा असतो. कायद्याने दिलेली प्रत्येक सवलत त्याला ठाऊक होते. तीच सवलत ऊसतोड्याच्या, मेंढपाळाच्या, भटक्याच्या मुलालाही त्याच कायद्याने दिलेली आहे. फक्त ती त्याला सांगणारे कोणी नसते. कायदा मऊ नाही आणि कठोरही नाही. तो ज्याला ठाऊक असतो त्याच्या बाजूने उभा राहतो. खेड्यातील गरीब मुलाच्या ओळखीचा, लिहिता-वाचता आणि वजन असलेला एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे त्याचा गुरुजी किंवा त्याच्या बाई.

शिक्षकाच्या शब्दाला येथे किती किंमत आहे, हे आपल्याला माहीत नसते. मंडळापुढे मुलाबरोबर एक सामाजिक अन्वेषण अहवाल ठेवला जातो. परिवीक्षा अधिकारी तो तयार करतात. त्यात मुलाचे शिक्षण कोठवर झाले, शाळा का सुटली, शिक्षकांचा आणि वर्गमित्रांचा त्याच्याविषयीचा दृष्टिकोन काय, असे प्रश्न असतात. म्हणजे आपण त्याच्याबद्दल काय बोलतो हे न्यायाच्या कागदावर जाते. अधिकारी शाळेत आले असता “वाया गेलेलं कार्टं आहे” असे एक वाक्य फेकून मोकळे होणे सोपे आहे. त्याऐवजी, तो कोणत्या महिन्यांत गैरहजर राहत असे, घरी कोणती अडचण होती, त्याला कशात गोडी होती, हे हजेरीपटावरून आणि आठवणीने सांगणे थोडे कष्टाचे आहे. पण तेच खरे आहे आणि तेच उपयोगी आहे. मुलाचे दोष झाकावेत असे मी म्हणत नाही. पूर्ण सांगावे, एवढेच म्हणतो.

आणि येथे मला एका जुन्या कलंकाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि १९११ च्या कायद्याने तो सर्व देशाला लागू झाला. त्या कायद्याने माणूस कृत्याने नव्हे, जन्माने गुन्हेगार ठरे. मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकारही त्यात सरकारने घेतला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. कायदा गेला, पण आपल्या जिभेवरून तो पुरता गेला काय? आपल्या जिल्ह्यात श्रीगोंदा, कर्जत, जामखेड या भागांत पारधी वस्त्या आहेत. शाळेत कोणाचा कंपासपेटीतील रुपया हरवला, की पहिली नजर कोणत्या मुलाकडे वळते, हे प्रत्येकाने स्वतःशीच तपासून पाहावे. आजचा बाल न्याय कायदा सांगतो, की प्रत्येक बालक अठराव्या वर्षापर्यंत दुष्ट हेतूपासून मुक्त आहे, असे गृहीत धरले पाहिजे. संसदेने लिहिलेले हे गृहीत आपण आपल्या वर्गात पाळीत नसू, तर १८७१ चा कायदा कागदावरून गेला आणि फळ्यापाशी उरला, असे म्हणावे लागेल.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून मी आटोपते घेतो.

पहिली. शाळेतील किंवा गावातील मुलाला पोलिसांनी चौकशीसाठी नेले असे कळल्यास, तो बालक आहे हे शाळेच्या दाखल्यानिशी ताबडतोब दाखवून द्या. नियमांप्रमाणे बालकांशी व्यवहार करणाऱ्या पोलिसांनी गणवेशात नसावे. अतिगंभीर अपराध नसेल आणि प्रौढांबरोबर मिळून केलेला नसेल, तर प्रथम खबरीचा अहवालसुद्धा नोंदवावयाचा नसतो. रोजनाम्यात नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालासह ती मंडळाकडे पाठवावयाची असते. हे नम्रपणे सांगा. भांडू नका, पण सांगितल्याशिवाय परतू नका. मुलांसाठीचा मदतक्रमांक १०९८ आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. फुकट वकील देणारे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. हे तीन पत्ते मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली असावेत.

दुसरी. अशा मुलाचे नाव, छायाचित्र, पत्ता किंवा शाळा कोणत्याही प्रकारे प्रसिद्ध करण्यास कायद्याच्या चौऱ्याहत्तराव्या कलमाने मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मनाई केवळ वर्तमानपत्राला नाही. भ्रमणध्वनीवरील आपल्या केंद्राच्या गटात “अमुक शाळेचा तमुक मुलगा पकडला” असे छायाचित्रासह पुढे ढकलणे हीदेखील प्रसिद्धीच आहे.

तिसरी. मुलगा परत आला तर त्याला परत घ्या. बाल न्याय कायद्याखाली निकाल लागलेल्या मुलाला त्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. प्रौढ म्हणून खटला चालून दोषी ठरलेली सोळा वर्षांपुढील मुले तेवढी याला अपवाद आहेत. प्रकरण संपल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीही पोलिसांनी ते उघड करावयाचे नसते. मग आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ या रकान्यात तांबडी शाई कशाला? सहा ते चौदा वयातील मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत बसविणे हा त्याचा हक्क आहे. आणि छडीबद्दल एवढेच: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने बंदी आहे. ज्याला घरी, रस्त्यावर आणि चौकीत मारच मिळाला, त्याला मार न मिळणारी एक तरी जागा असू द्या.

चौथी, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. शाळेतून गळणारे मूल वेळीच ओळखा. माझा विद्यार्थी ज्या दिवशी मोटारीच्या चोरीत सापडला त्या दिवशी तो बिघडला नाही. ज्या हंगामात त्याच्या नावापुढे सलग चार महिने गैरहजेरीच्या खुणा पडत गेल्या आणि मी त्या मुकाट्याने मारीत गेलो, त्या हंगामात तो हातातून निसटला. आज ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मूल गावातच आजीपाशी राहावे, शाळा सुटू नये, अशी व्यवस्था करता येते. स्थलांतर होऊन गेलेच तर कारखान्याच्या परिसरातील शाळेत त्याला पाठविता येते. त्यासाठी दसऱ्यापूर्वी प्रत्येक तोडणी कामगाराच्या उंबऱ्यावर जावे लागते, एवढेच. न्यायमंडळापर्यंत जाणारी वाट शाळेच्या फाटकावरून जाते. ते फाटक मुलासाठी उघडे राहिले, तर पुष्कळ मुलांना पुढची वाट चालावीच लागत नाही.

बंधुभगिनींनो, तो मुलगा आज तिशी ओलांडून गेला आहे. गावाकडे त्याने थोडी शेती धरली आहे, आणि हंगामाला बाहेर जाणे बंद केले आहे. गेल्या काही वर्षांपूर्वी तो आपल्या मुलीला शाळेत घालण्यासाठी आला, तेव्हा योगायोगाने मी तेथे होतो. दाखल्याच्या अर्जासोबत त्याने ग्रामपंचायतीचा जन्मदाखला जोडला होता, तोही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, घडी न पडेल असा. मला पाहून तो हसला आणि म्हणाला, “गुर्जी, ह्या वेळंला तारीख मीच आणलीया.”

त्या वाक्यात राग होता की क्षमा होती, हे मला आजवर उमगलेले नाही. परंतु रजिस्टर उघडून ती तारीख मी माझ्या हाताने, अंकी आणि अक्षरी, सावकाश लिहिली. आपण सर्वांनी येत्या जूनमध्ये प्रत्येक नोंद तशीच लिहावी, एवढीच विनंती.